पावडरपासून रीडिंगपर्यंत: पेप्टाइडच्या नॅनोनळ्या आणि तुमचा पहिला ग्लुकोज सेन्सर

कापसासारखी हलकी पांढरी पावडर एका जड द्रावकात विरघळवायची, त्यातले २० मायक्रोलिटर पाण्यात सोडायचे, आणि बघता बघता ते स्वच्छ पाणी ताकाच्या निवळीसारखं धुरकट होतं. संपलं. नॅनोनळ्या तयार. ना भट्टी, ना व्हॅक्यूम, ना महागडं यंत्र.

प्रोजेक्टला येणारी मुलं इथे हरखून जातात, आणि मग पुढचे तीन महिने कुठे गेले ते त्यांना कळत नाही. मलाही एके काळी कळलं नव्हतं. योजना अशी: नळ्या इलेक्ट्रोडवर बसवायच्या, त्यांवर ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम बांधायचं, आणि ग्लुकोज घातलं की येणारा करंट मोजायचा. नळी बनवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. ती ओल्या इलेक्ट्रोडवर टिकवायची कशी आणि मिळालेला करंट तिच्याचमुळे आला हे दाखवायचं कसं, वेळ जातो तो यात. म्हणून हा लेख पहिल्या टप्प्यांवरून जरा भरभर जाईल आणि नंतरच्यांवर रेंगाळेल. मोलॅरिटीचं गणित येतं आणि मायक्रोपिपेट हातात धरलेलं आहे, एवढं मी गृहीत धरते.

नळी म्हणजे नेमकं काय

आपण वापरणार आहोत ते डायफिनाइलअलानिन. प्रयोगशाळेत सगळे त्याला एफएफ म्हणतात. फिनाइलअलानिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू एका पेप्टाइड बंधाने जोडलेले, बस्स. रेणूभार ३१२. एवढासा रेणू.

याची गोष्ट अल्झायमरपासून सुरू होते. त्या रोगात मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाच्या पेप्टाइडचे तंतू साचतात. तेल अवीव विद्यापीठात एहूद गाझित आणि त्यांची विद्यार्थिनी मेयटल रेचेस यांना प्रश्न पडला की या तंतूंना एकमेकांकडे ओढणारा सगळ्यात छोटा तुकडा कोणता. अमायलॉइडच्या साखळीत १९ आणि २० क्रमांकावर दोन फिनाइलअलानिन शेजारी शेजारी बसलेले असतात. तेवढाच तुकडा घेऊन पाहिला, तर तंतूंऐवजी चक्क पोकळ नळ्या मिळाल्या. २००३ साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. नळी खरंच पोकळ आहे हे दाखवायला त्यांनी केलेली युक्ती मला आजही आवडते. नळीच्या आत चांदीचे आयन शिरू दिले, त्यांची आतच चांदी केली, मग वरचं पेप्टाइडचं कवच एका एन्झाइमने खाऊन टाकलं. मागे उरली सुमारे २० नॅनोमीटर जाडीची चांदीची तार. साच्यातून मूर्ती काढावी तशी.

त्याआधी दोन वर्षं, २००१ मध्ये, ओस्लोच्या कार्ल हेनरिक ग्योर्बिट्झ यांनी एफएफच्या स्फटिकाची आतली रचना मांडली होती. सहा रेणू मिळून एक कडं होतं, आणि अशा कड्यांची बांगड्यांसारखी चळत रचली जाते. नीट पाहिलं तर ती चळतही नाही, गोल जिना आहे, रेणू फिरत फिरत वर चढतात. रेणूची धन आणि ऋण टोकं आतल्या बाजूला, म्हणून आतल्या साधारण एक नॅनोमीटरच्या वाटेत पाणी भरलेलं असतं. बेंझिनची कडी बाहेर तोंड करून शेजारच्या जिन्यांच्या कड्यांत अडकतात. असे असंख्य जिने एकमेकांना चिकटले की भिंत तयार होते, आणि सूक्ष्मदर्शकात आपल्याला दिसते ती या भिंतीची मोठी नळी. तिची जाडी १०० नॅनोमीटरपासून काही मायक्रॉनपर्यंत काहीही निघू शकते. एकाच थेंबात बारीक आणि जाड दोन्ही मिळाल्या म्हणून घाबरू नका.

ही जुळणी करायला रेणूंना कुणी सांगत नाही. हायड्रोजन बंध, विजेची ओढ आणि पाण्यापासून लपू पाहणारी बेंझिनची कडी, एवढ्यावर सगळं होतं. म्हणूनच तापमान, हवेतला दमटपणा, पाण्यातला एखादा क्षार असं काही जरा बदललं की निकालही बदलतो. फुकटात मिळालेल्या जुळणीची किंमत अशी वळती होते.

पहिली पायरी: पावडर घेताना आणि उघडताना

मागवताना दोन्ही रेणू 'एल' प्रकारचे आहेत आणि दोन्ही टोकं मोकळी आहेत हे तपासा. टोक झाकायला बॉक किंवा एफमॉक नावाचा गट लावलेली भावंडंही त्याच यादीत, शेजारच्या ओळीत असतात. ती वाईट नाहीत, एफमॉक-एफएफचा तर छान जेल होतो. पण ते वेगळं प्रकरण आहे. आमच्याकडे एकदा चुकून तेच आलं होतं आणि एका मुलाने आठवडाभर 'नळ्या का दिसत नाहीत' म्हणून पाणी बदलून पाहिलं. लेबल वाचलं कुणी? कुणीच नाही.

बाटली उणे २० अंशांवर ठेवतात. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. अर्धा तास तशीच टेबलावर राहू द्या, खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा. गार बाटलीत बाहेरची हवा शिरली की आत दव धरतं. पुण्यातल्या मे महिन्यात हे चालून जाईल एक वेळ, जुलैत नाही, आणि कोकणात किंवा मुंबईत तर कधीच नाही. ओल धरलेल्या पावडरचं वजन खोटं येतं आणि पुढचं सगळं गणित त्या खोट्या वजनावर उभं राहतं.

वजन करताना ५ मिलीग्रॅम पुरे. पावडर स्थिर विजेने उडते, चमच्याला आणि हातमोज्याला चिकटते. तराजूजवळचा पंखा बंद करा. एसीचा झोतही.

दुसरी पायरी: जड द्रावक

एफएफ विरघळवायला बहुतेक जण हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल वापरतात. बोलताना एचएफआयपी. पाण्याच्या दीडपटीहून जास्त जड, ५८ अंशांवर उकळणारं, आणि हायड्रोजन बंध तोडण्यात पटाईत. नायलॉनही यात विरघळतं, यावरून अंदाज घ्या. एफएफचे रेणू एकमेकांचे हात धरू पाहतात ते इथे सोडवले जातात, म्हणून इतकं घट्ट द्रावण शक्य होतं.

हे डोळ्यांना कायमची इजा करू शकतं. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), चष्मा लावूनच. हातमोज्यावर थेंब पडला तर 'थोडाच आहे' म्हणू नका, मोजा काढून नवा घाला. व्हायल काचेची.

५ मिलीग्रॅम पावडरीत ५० मायक्रोलिटर एचएफआयपी टाकलं की १०० मिलीग्रॅम प्रति मिलिलिटरचं स्टॉक तयार होतं. पिपेटमध्ये ते ओढल्यावर टोकातून आपोआप ठिबकतं, कारण त्याची वाफ टोकातली हवा ढकलत असते. उपाय सोपा आहे. तेच द्रावक दोन-तीन वेळा आत-बाहेर करून टोक आधी वाफेने भरून घ्या, मग माप घ्या. ही एक सवय लागली की निम्मी 'रिझल्ट जुळत नाहीत'ची तक्रार मिटते.

स्टॉक रोज ताजं करा. कालचं फ्रीजमध्ये ठेवलेलं स्टॉक दिसायला पारदर्शक असतं, पण रेणूंची जुळवाजुळव आत सुरू झालेली असू शकते. मूळ पद्धतीतही प्रत्येक प्रयोगाला नवं स्टॉक असंच सांगितलेलं आहे, ते उगीच नाही.

एचएफआयपी नकोच असेल, आणि पुढे एन्झाइम लावायचं म्हटल्यावर ते नकोसं वाटणं साहजिक आहे, तर दुसरी वाट आहे. २ मिलीग्रॅम प्रति मिलिलिटर एवढं एफएफ थेट पाण्यात घेऊन ६५ अंशांवर किंवा थोडं वर अर्धा तास ठेवा, अधूनमधून हलवा, आणि सावकाश गार होऊ द्या. नळ्या होतात. त्या सहसा जाड होतात आणि वेळ लागतो, पण एन्झाइमला मारणारं काही मागे उरत नाही. पहिल्या आठवड्यात एचएफआयपीची पद्धत करून बघा, कारण ती डोळ्यांना दिसते. सेन्सर करताना माझा कौल गरम पाण्याला.

तिसरी पायरी: पाण्यात सोडणं

९८० मायक्रोलिटर शुद्ध पाणी, त्यात २० मायक्रोलिटर स्टॉक. आता प्रमाण २ मिलीग्रॅम प्रति मिलिलिटर. पिपेटनेच एक-दोनदा हळू ढवळा. व्होर्टेक्सवर (गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) धरू नका, लांब नळ्यांचे तुकडे होतात. काही सेकंदांत धुरकटपणा येईल. मग व्हायल रात्रभर हलवाहलव न करता ठेवा.

पाण्याऐवजी बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण, वापरायचा मोह होतो. पहिल्यांदा टाळा. कारण पुढच्याच पायरीत कळेल.

चौथी पायरी: बघणं, आणि फसणं

थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नंबर लावू नका. वर्गातल्या साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर थेंब ठेवा. नळ्यांची लांबी दहा-वीस मायक्रॉनपासून शेकडो मायक्रॉनपर्यंत जाते, त्यामुळे त्या केसांसारख्या दिसतात. इथे काहीच दिसलं नाही तर मोठ्या यंत्रावरही दिसणार नाही, आणि तासाचं भाडं वाया जाईल.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सिलिकॉनच्या तुकड्यावर ५ ते १० मायक्रोलिटरचा थेंब वाळवा, वर सोन्याचा काही नॅनोमीटरचा मुलामा द्या. मग मधल्या सरळ भागाकडे पाहत बसू नका, मोडलेली टोकं शोधा. टोक पोकळ दिसलं तर नळी, भरीव दिसलं तर सुई. एफएफच्या भरीव सुयाही होतात, आणि बाजूने पाहिलं तर दोन्ही सारख्याच देखण्या.

फसवणूक खरी होते ती मिठाने. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा फॉस्फेट बफरमध्ये केलेला नमुना वाळवला आणि पडद्यावर फांद्या फुटलेल्या, लांबच लांब सुंदर रचना दिसल्या. 'डेंड्रिटिक नॅनोट्यूब' असं नावही ठेवून झालं. मीटिंगमध्ये एका सीनियर मॅडमनी एवढंच विचारलं, 'नुसतं बफर वाळवून पाहिलंस का गं?' संध्याकाळी पाहिलं. तीच नक्षी, पेप्टाइडशिवाय. वाळलेलं मीठ होतं ते. तेव्हापासून प्रत्येक स्लाइडच्या शेजारी नुसत्या द्रावकाचा एक थेंब वाळवतेच. तुम्हीही वाळवा.

पाचवी पायरी: पेन्सिल घेऊन बसा

इलेक्ट्रोडला हात लावण्याआधी एक गणित करू. हा अख्ख्या लेखाचा कणा आहे.

एफएफची पाण्यातली विद्राव्यता खोलीच्या तापमानाला साधारण ०.७६ मिलीग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. आता तुम्ही इलेक्ट्रोडवर ५ मायक्रोलिटरचा थेंब वाळवलात. त्यात पेप्टाइड किती? ५ मायक्रोलिटर गुणिले २ मिलीग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. हा इलेक्ट्रोड तुम्ही १० मिलिलिटर बफरमध्ये बुडवता. त्या बफरला किती एफएफ विरघळवता येतं? ७.६ मिलीग्रॅम. म्हणजे तुम्ही लावलेल्याच्या ७६० पट.

नळ्या जाणार. प्रश्न फक्त किती मिनिटांत एवढाच आहे.

व्हायलमध्ये त्या आठवडाभर सुखात दिसतात, कारण तिथलं पाणी आधीच एफएफने संपृक्त असतं, आणखी काही विरघळायला जागा नसते. ताज्या बफरमध्ये तसं नाही. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये 'नॅनोस्केल'मध्ये हेच दाखवलं: या नळ्या पाण्यात फार काळ तग धरत नाहीत. त्याआधीचे लेख वाचलेत तर त्यांत नळीच्या कणखरपणाचं कौतुक भरलेलं दिसेल. शंभर अंशांवरची उष्णता सोसते, कडकपणा १९ गिगापास्कलच्या आसपास, वगैरे. त्यात खोटं काही नाही. पण कोरड्या नळीचा कणखरपणा वेगळा आणि ओल्या नळीचा वेगळा. खडीसाखरही दातांना कडकच लागते की.

यावर उपाय काय? लोक चार-पाच गोष्टी करतात. ग्लुटराल्डिहाइडने नळीचे अमिनो गट एकमेकांना बांधायचे. वर नाफिऑनसारख्या पॉलिमरचा पातळ पडदा द्यायचा (माझा अनुभव संमिश्र आहे, नाफिऑनचं द्रावण अल्कोहोलातलं आणि आम्लधर्मी असतं, तेच नळ्यांना त्रास देऊ शकतं). पेप्टाइडला थायोल हा गंधकाचा गट जोडून सोन्याच्या इलेक्ट्रोडला पक्कं चिकटवायचं. किंवा २००९ मध्ये गाझित यांच्याच गटाने दाखवल्याप्रमाणे पावडर व्हॅक्यूममध्ये तापवून तिच्या वाफेपासून नळ्यांचं उभं गवत उगवायचं. त्या उष्णतेत रेणू स्वतःच गोल मिटतो, आणि त्या नळ्यांचा स्वभावही बदलतो. हे शेवटचं कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमणार नाही.

आणि एक घरगुती उपाय, जो मी पहिल्यांदा सांगते: बफरच एफएफने संपृक्त करा. बफरमध्ये जास्तीची पावडर टाकून रात्रभर ढवळा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा. १० मिलिलिटरला साडेसात-आठ मिलीग्रॅम पेप्टाइड खर्ची पडतं, ते जिवावर येतं खरं. म्हणून मोठा सेल नको, छापील कार्बन इलेक्ट्रोड घ्या, एकाच पट्टीवर मोजणीला लागणारे तीन इलेक्ट्रोड छापलेले असतात. त्यावर ५० ते १०० मायक्रोलिटरचा थेंब ठेवला की तिन्ही इलेक्ट्रोड ओले होतात, मोजणी होते. पण नुसता थेंब लहान केला म्हणून सुटका नाही, तो संपृक्तही हवा. ५० मायक्रोलिटर साध्या बफरमध्येसुद्धा ३८ मायक्रोग्रॅम विरघळू शकतं आणि आपल्याकडे आहेत दहा.

सहावी पायरी: इलेक्ट्रोड

ग्लासी कार्बन वापरणार असाल तर ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकड्यात घासा, पाण्याने धुवा, सोनिकेटरमध्ये मिनिटभर धरा. छापील इलेक्ट्रोड पाकिटातून काढून थेट वापरता येतो, पण पृष्ठभागाला बोट लावू नका.

नळ्या लावण्याआधी कोऱ्या इलेक्ट्रोडची परीक्षा घ्या. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर फेरीसायनाइड घेऊन सायक्लिक व्होल्टॅमोग्राम काढा, म्हणजे व्होल्टेज चढवत-उतरवत करंटचा आलेख. चढती आणि उतरती अशी दोन शिखरं दिसतील. आदर्श अवस्थेत त्यांच्यात ५९ मिलिव्होल्टचं अंतर असतं. छापील कार्बनवर ते बरंच जास्त निघतं, तेव्हा आकड्यापेक्षा एकाच पाकिटातले इलेक्ट्रोड एकमेकांशी जुळतात का ते बघा. जो वेगळा वागतो तो आताच बाजूला काढा. नंतर काढलात तर तुमच्यावर सोयीचे आकडे निवडल्याचा आरोप होईल, आणि तो खराच असेल.

मग ५ मायक्रोलिटर नळ्यांचा थेंब. वाळताना पदार्थ थेंबाच्या कडेला जमतो, टेबलावर सांडलेल्या चहाची कड काळी होते ना, तसा. वर पेट्री डिशचं झाकण उपडं ठेवून सावकाश वाळवा, कड थोडी कमी होते. एचएफआयपीची पद्धत वापरली असेल तर इथे ते पूर्ण उडून गेलं पाहिजे. रात्रभर हूडमध्ये ठेवा. धुवायचं असेल तर संपृक्त पाण्याने. साध्या पाण्याने धुतलंत तर काय होईल ते वर गणितात आलंच आहे.

सातवी पायरी: एन्झाइम बांधणं

ग्लुकोजच का? जगाला आणखी एक ग्लुकोज सेन्सर हवाय म्हणून नव्हे. ग्लुकोज ऑक्सिडेज स्वस्त आहे, दणकट आहे, आणि १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम-इलेक्ट्रोडची कल्पना मांडल्यापासून त्याचं उत्तर काय यायला हवं ते ठाऊक आहे. शिकताना उत्तर माहीत असलेलं गणित सोडवावं. गाझित आणि ज्युडिथ रिशपॉन यांच्या गटांनी २००५ मध्ये या नळ्यांवर एन्झाइम बसवलेला इलेक्ट्रोड दाखवला, तेव्हा त्यांनीही ग्लुकोज ऑक्सिडेज घेतलं होतं.

एन्झाइम नळीवर बसवायला ग्लुटराल्डिहाइड हा दोन हातांचा रेणू वापरतात. एका हाताने पेप्टाइडचा अमिनो गट धरतो, दुसऱ्याने एन्झाइमचा. इथे दोन खड्डे आहेत. ट्रिस बफर वापरलात तर ट्रिसलाही अमिनो गट असतो, ग्लुटराल्डिहाइड त्यालाच मिठी मारून बसतं आणि एन्झाइम वाऱ्यावर. म्हणून बफर फॉस्फेटचं. आणि दुसरा खड्डा मीच तुमच्यासाठी खणून ठेवलाय: एफएफने संपृक्त केलेल्या बफरमध्ये मोकळे अमिनो गट ठासून भरलेले असतात. तिथेही तेच होणार.

वाट अशी: वाळलेल्या नळ्यांवर एन्झाइमचा थेंब, त्यात थोडं अल्ब्युमिन (भर म्हणून घातलेलं साधं प्रथिन), तो जवळजवळ वाळू द्यायचा. थेंबाला फार वेळ देऊ नका, तोही नळ्या विरघळवतोच, पण वाळताना जे विरघळलं ते तिथेच परत बसतं. मग एका बंद डब्यात तळाला ग्लुटराल्डिहाइडचं द्रावण ठेवून वर इलेक्ट्रोड टांगायचा, नुसती वाफ लागेल असा. अर्धा तास. डबा हूडमध्येच, वाफ नाकाडोळ्यांना झोंबते. जास्त वेळ ठेवलंत तर एन्झाइम इतकं करकचून बांधलं जातं की काम करणंच सोडतं. तीन वेगवेगळ्या वेळा करून बघा आणि तुमची वेळ तुम्हीच ठरवा.

आठवी पायरी: रीडिंग

ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करतं आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. ठरावीक व्होल्टेजवर ते पेरॉक्साइड इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन सोडतं, तो आपला करंट. साध्या कार्बनवर यासाठी व्होल्टेज बरंच चढं ठेवावं लागतं, आणि त्या व्होल्टेजला क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल हे सगळे आगंतुकही करंट देतात. प्रशियन ब्लू हे निळं रंगद्रव्य लावलेले छापील इलेक्ट्रोड मिळतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड शून्याच्या आसपासच मोजता येतं. जमलं तर ते घ्या.

आता एक अशी गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. ग्लुकोजचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. बाटलीतली पावडर असते अल्फा ग्लुकोजची, आणि हे एन्झाइम ओळखतं फक्त बीटा. पाण्यात अल्फाचं बीटा व्हायला काही तास लागतात, आणि शेवटी साधारण ६४ टक्के बीटावर गाडी थांबते. ताजं द्रावण घेऊन बसलात तर सकाळचा आलेख आणि दुपारचा आलेख वेगळा येईल. मग तुम्ही नळ्यांना दोष द्याल, एन्झाइमला द्याल, विजेला द्याल.

मोजणी करताना करंट आधी स्थिर होऊ द्या, दहा मिनिटं लागली तरी. मग शून्य, १, २, ४, ६, ८, १० मिलिमोलर असे थेंब. रक्ताच्या रिपोर्टशी ताडून पाहायचं तर १ मिलिमोलर म्हणजे १८ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर, त्यामुळे उपाशीपोटीची ७० ते १०० ही पातळी ३.९ ते ५.६ मिलिमोलरमध्ये बसते. वरच्या टोकाला रेघ वाकायला लागेल, कारण एन्झाइमची जागा भरते आणि ऑक्सिजनही कमी पडतो. वाकलेले बिंदू सरळ रेषेत कोंबू नका.

शोधमर्यादा, म्हणजे सेन्सरला ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण, काढायची रीत ठरलेली आहे: कोऱ्या रीडिंगांचं प्रमाण विचलन गुणिले तीन, भागिले रेषेचा चढ. मात्र एकच इलेक्ट्रोड दहा वेळा मोजून 'दहा रीडिंग' म्हणणं आणि दहा वेगळे इलेक्ट्रोड करून मोजणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. थेंब हाताने टाकलेला असतो, नळ्या दर वेळी वेगळ्या पसरतात. किमान पाच वेगळे इलेक्ट्रोड करा आणि त्यांच्यातली तफावत लपवू नका.

नववी पायरी: श्रेय कुणाचं

समजा करंट छान आला. नळ्यांशिवायच्या इलेक्ट्रोडपेक्षा दुप्पट. आता?

कार्बन नॅनोट्यूबबद्दल वाचून आलेला माणूस लगेच म्हणतो, 'नळी वीज वाहून नेते.' एफएफची नळी वीज वाहत नाही म्हटलं तरी चालेल. ती पेप्टाइड आहे, तार नव्हे. तिच्यामुळे फायदा होत असेल तर तो बहुधा जागेचा: पृष्ठभाग खडबडीत झाला, जास्त एन्झाइम बसलं. म्हणूनच कोरियात चान ब्योम पार्क यांच्या गटाने २००९ मध्ये एफएफच्या गाभ्यावर पॉलिअनिलिन या वीजवाहक पॉलिमरचं कवच चढवलं. नळीने सांगाडा व्हायचं, वीज दुसऱ्याने वाहायची. ही वाटणी मला पटते.

तेव्हा चार इलेक्ट्रोड शेजारी शेजारी करा. एक कोरा. दुसऱ्यावर फक्त नळ्या. तिसऱ्यावर नळ्यांशिवाय एन्झाइम, अल्ब्युमिन आणि ग्लुटराल्डिहाइड, चौथ्याइतक्याच मापाचं. चौथा पूर्ण. आणि कुणी सहसा करत नाही असा पाचवाही करा: एफएफ एचएफआयपीमधूनच थेट वाळवलेलं, पाणी न लावता, म्हणजे पेप्टाइड तेवढंच पण नळ्या नाहीत. त्यात नळ्या खरंच झाल्या नाहीत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या, हवेतल्या ओलीनेही त्या होतात. चौथा आणि पाचवा सारखेच आले, तर करंट पेप्टाइडचा आहे, आकाराचा नाही.

सगळं मोजून झालं की तोच इलेक्ट्रोड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली न्या. मी एकदा नेला तेव्हा चार तासांच्या सुरेख मोजणीनंतर तिथे एकही नळी शिल्लक नव्हती. एन्झाइम अल्ब्युमिनच्या थरात मजेत बसलं होतं आणि रीडिंग देत होतं. तो आलेख अजून माझ्या वहीत आहे, वर तारीख आणि खाली लाल पेनाने 'नळ्या: ०'.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी

वहीत रोज खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहा. शंभर-दोनशे रुपयांचं साधं आर्द्रतामापक पुरतं. मार्चमध्ये जुळलेली पद्धत जुलैत का बिघडली याचं उत्तर बहुधा त्याच रकान्यात सापडतं.

आणि उरलेलं एचएफआयपी बेसिनमध्ये ओतायचं नाही. हॅलोजनयुक्त कचऱ्याची वेगळी बाटली असते, तिच्यात. बाटली सापडली नाही तर आधी ती शोधा, मग पावडरची बाटली फ्रीजमधून बाहेर काढा.